हुज्जत, सबब, हरकत: इस्लामी तत्त्वज्ञानातले वाद पहिल्यांदा वाचायला घेताना

एका उर्दू पुस्तकाच्या मुखपृष्ठावर ‘हुज्जतुल इस्लाम इमाम गझाली’ असं पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, या माणसाने इस्लामशी चांगलीच हुज्जत घातलेली दिसते. अरबीत ‘हुज्जत’ म्हणजे पुरावा, बिनतोड युक्तिवाद. ती पदवी ‘इस्लामचा पुरावा’ अशा आदराच्या अर्थाने दिलेली आहे. मराठीत येईपर्यंत त्या शब्दाचं भांडण झालं.

पुढची दोनेक वर्षं मी अशाच चुका करत गेलो. एक जाडजूड इतिहास पहिल्या पानापासून तीनदा सुरू केला आणि तीनदा नवव्या शतकातच सोडून दिला. तुमची तेवढी वर्षं जाऊ नयेत म्हणून हे लिहितोय. तुम्ही हौशी वाचक असा किंवा एमएला हा पेपर लागलेला असो, क्रम हाच ठेवा.

सोबत काय लागेल

• अकराव्या शतकातले धर्मपंडित गझाली यांचं ‘तहाफुत अल-फलासिफा’, म्हणजे ‘तत्त्वज्ञांची विसंगती’. इंग्रजी भाषांतर चालेल. समोरासमोर अरबी मूळ छापलेली आवृत्ती मिळाली तर तीच घ्या. अरबी येत नसलं तरी एखादा शब्द कुठे पुन्हा आलाय ते डोळ्यांना दिसतं.
• बाराव्या शतकातला तत्त्वज्ञ इब्न रुश्द याने त्याला दिलेलं उत्तर, ‘तहाफुत अल-तहाफुत’. सगळं नको, खाली सांगतो तेवढीच प्रकरणं.
• कुराणाचं एखादं भाषांतर. दोन्ही बाजू आयतींचे दाखले देतात, ते लगेच उघडून बघता आले पाहिजेत.
• अॅरिस्टॉटलची चार कारणं, आणि ‘शक्यता’ व ‘प्रत्यक्ष’ यांतला फरक. दोन संध्याकाळचं काम आहे, पण टाळू नका.
• दोन रंगांची पेनं आणि एक वही. पेनं का, ते पाचव्या पायरीत.

१. आधी नावं आणि सनावळ्या सरळ करून घ्या

एकाच माणसाची दोन-दोन नावं असतात. इब्न सीना म्हणजे लॅटिन युरोपातला अविसेना, इब्न रुश्द म्हणजे अव्हेरोज, गझाली म्हणजे अल्गाझेल. वहीच्या पहिल्या पानावर हा तक्ता करून ठेवा.

याच्या उलट प्रकार जास्त त्रासदायक, नाव एक आणि माणसं दोन. वैद्य अबू बक्र राझी ९२५ साली वारला, तर धर्मपंडित फखरुद्दीन राझी १२१० साली. दोघांची मतं एकमेकांच्या जवळपासही नाहीत. शिहाबुद्दीन सुहरावर्दीही दोन. एक प्रकाशाचं तत्त्वज्ञान मांडणारा, ज्याला ११९१ साली अलेप्पोत ठार केलं, दुसरा बगदादचा सूफी, १२३४ साली गेलेला. इब्न रुश्दचे आजोबाही इब्न रुश्द, तेही स्पेनमधल्या कोर्दोबाचे काझी, आणि ज्या ११२६ साली ते वारले त्याच साली नातू जन्मला.

सनांच्या बाबतीत ‘५०५/११११’ असं काही दिसलं तर पहिला आकडा हिजरी, दुसरा इसवी. हे गझालींच्या मृत्यूचं साल. मी एकदा नुसता ‘४२८’ पाहून इब्न सीनाला पैगंबरांच्याही आधी नेऊन बसवलं होतं. खरं साल १०३७.

२. फलसफा, कलाम, तसव्वुफ वेगळे ओळखा

‘इस्लामी तत्त्वज्ञान’ या पाटीखाली तीन वेगळी बिऱ्हाडं राहतात. फलसफा म्हणजे ग्रीकांकडून आलेली परंपरा: किंदी, फाराबी, इब्न सीना, इब्न रुश्द. कलाम म्हणजे धर्मश्रद्धेची तर्काने केलेली मांडणी. मुअतझिला आणि अशअरी हे कलामचे पंथ. तसव्वुफ म्हणजे सूफी मार्ग. (कलाम म्हणजे बोलणं, अबुल कलाम आझादांमधलं. लेखणीचं किंवा कायद्याचं ‘कलम’ वेगळं.)

सगळ्यात मोठा गोंधळ इथे होतो: एका बाजूला श्रद्धा आणि दुसऱ्या बाजूला बुद्धी, असं चित्र आपण आधीच मनात घेऊन बसतो. कलामवाले तर्काला घाबरणारे नव्हते. उलट गझालींची तक्रार अशी, की तत्त्वज्ञ ज्याला निर्विवाद सिद्धता म्हणतात ती सिद्धताच नाही, फाराबी-इब्न सीनांवरची भाबडी भक्ती आहे. ही तक्रार त्यांनी तर्काने लढवली, आणि कायद्याच्या उसूलवरच्या, म्हणजे मूलतत्त्वांवरच्या, आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत सरळ लिहिलं, की ज्याला तर्कशास्त्र येत नाही त्याच्या विद्येवर भरवसा नाही. मदरशांत तर्कशास्त्र पक्कं बसलं त्यात गझालींचा वाटा मोठा आहे.

३. ओळखीच्या शब्दांपासून सावध

मराठी वाचकाला इथे एक फायदा आहे आणि तोच सापळाही आहे. अर्धे पारिभाषिक शब्द आपण रोज बोलतो, फक्त दुसऱ्याच अर्थाने.

‘सबब’ म्हणजे कारण. आपण सबब सांगतो तेव्हा ते कारण खोटं असतं. जुन्या अर्जांतलं ‘सबब विनंती की’ मात्र मूळ अर्थाला धरून आहे. ‘इल्लत’ म्हणजेही कारण, आपल्याकडे मात्र ब्याद. ‘जिन्नस’ वाण्याच्या यादीत असतो, तर्कशास्त्रात तो ‘जिन्स’, म्हणजे वर्ग: माणूस आणि घोडा यांचा जिन्स ‘प्राणी’. ‘हरकत’ म्हणजे गती. आपण तिचा आक्षेप केला, पण गवई जी हरकत घेतात तिच्यात गती अजून शिल्लक आहे. ‘हिकमत’ म्हणजे ज्ञान, पुढे तर तत्त्वज्ञानालाच हे नाव पडलं, आणि आपण हिकमती कुणाला म्हणतो ते तुम्हाला माहीत आहे.

माझा लाडका शब्द ‘वाजवी’. भाजीचा वाजवी दर आणि इब्न सीनाचा ‘वाजिब अल-वुजूद’ यांचं मूळ एकच. वाजिब म्हणजे जे असायलाच हवं ते. जगातली प्रत्येक वस्तू असू शकते किंवा नसूही शकते, ती ‘मुमकिन’. अशा सगळ्या मुमकिनांना असण्याकडे ढकलणारं काहीतरी हवं, जे स्वतः नसूच शकत नाही. ते वाजिब अल-वुजूद, तोच ईश्वर. इब्न सीनाचं सगळं घर या खांबावर उभं आहे, त्यामुळे एवढा एक शब्द नीट बसला तरी बरंच काम होतं.

४. सुरुवातीपासून सुरुवात करू नका

किंदीपासून निघालात तर माझ्यासारखेच नवव्या शतकात अडकाल. थेट १०९५ च्या सुमाराला उतरा. गझाली तेव्हा बगदादच्या निझामिया मदरशाचे प्रमुख आचार्य होते. त्यांनी तत्त्वज्ञांविरुद्ध वीस मुद्दे काढले. सतरा मुद्द्यांवर ‘बिदअत’, म्हणजे धर्मात घुसवलेलं नवं, असा शिक्का मारला आणि तीन मुद्द्यांवर थेट ‘कुफ्र’, म्हणजे धर्मद्रोह: जग अनादि आहे, ईश्वराला फक्त सामान्य कळतं, विशिष्ट कळत नाही, आणि मेल्यावर देह पुन्हा उठणार नाही.

साधारण ८५ वर्षांनी, मुसलमानी जगाच्या पार पश्चिमेला, इब्न रुश्दने या सगळ्याला ओळीओळीने उत्तर दिलं. या दोघांच्या मध्ये बसा. मागचं-पुढचं बहुतेक सगळं इथून दिसतं.

५. कोण बोलतंय ते आधी ठरवा

एक वाक्य ‘गझालींचं मत’ म्हणून मी महिनाभर वहीत जपलं होतं. ते मत तत्त्वज्ञांचं निघालं. गझाली समोरच्याची बाजू आधी मांडतात, आणि इतकी चांगली मांडतात की वाचणारा फसतो. मग ‘कोणी म्हणेल की…’, त्यावर ‘आम्ही म्हणतो…’, असं चालू राहतं. ज्यांनी संस्कृत टीकाग्रंथ पाहिलेत त्यांना ‘ननु’ आणि ‘इति चेत्, न’ आठवेल. पूर्वपक्ष कुठे संपतो ते ओळखणं हेच खरं वाचन.

इब्न रुश्दच्या ग्रंथात आणखी एक मजला चढतो: गझालींचा उतारा, त्याच्या पोटात तत्त्वज्ञांचं म्हणणं, आणि खाली ‘मी म्हणतो’. म्हणून दोन पेनं. तत्त्वज्ञांची बाजू निळ्याने, गझालींची लाल पेनाने अधोरेखित करा, इब्न रुश्दला समासात रेघ.

शिवाय एक खोच आहे. गझाली सांगून टाकतात, की इथे आपलं काम पाडण्याचं आहे, बांधण्याचं नाही. तेव्हा लाल रेघेखालचा प्रत्येक युक्तिवाद त्यांचं स्वतःचं मत असेलच असं नाही.

६. पहिला वाद सावकाश वाचा: जगाला सुरुवात आहे का?

सगळ्यात लांब प्रकरण हेच आणि सगळ्यात रंगतदारही. घाई करू नका.

तत्त्वज्ञांचा प्रश्न: कारण पूर्ण असेल तर कार्याला उशीर का व्हावा? ईश्वर अनादि, त्याची शक्ती अनादि, त्याला अडवणारं कोणी नाही. मग जग एका ठरावीक क्षणी का सुरू झालं, त्याच्या आधी का नाही? त्या क्षणी काय बदललं? काही बदललं म्हणालात तर ईश्वरात बदल आला. नाही म्हणालात तर जग नेहमीच होतं. इब्न सीनाच्या मते जग ईश्वरावर अवलंबून आहे, त्याच्या नंतर आहे, पण काळाने नंतर नाही. हात फिरतो म्हणून किल्ली फिरते, तरी दोन्ही एकाच वेळी.

गझालींचं उत्तर: अनादि इच्छेने उशिराचा क्षण अनादि काळापासूनच ठरवलेला असू शकतो. पण सगळे क्षण सारखे असताना तोच का? इथे खजूर येतात. एका माणसासमोर दोन खजूर आहेत, आकार, रंग, अंतर सगळं तंतोतंत सारखं. त्याला दोन्ही हवेसे वाटतात, घेता मात्र एकच येतो. तो काय उपाशी बसेल? एक उचलेलच. दोन सारख्यांतून एक वेगळा काढणं हाच तर इच्छेचा स्वभाव.

इब्न रुश्द म्हणतो, अहो, तो या खजुरावर त्या खजुराला पसंत करतच नाहीये. तो न खाण्यावर खाण्याला पसंत करतोय. कुठलाही हाती लागला तरी त्याचं काम झालं. मला स्वतःला हे उत्तर आधी पटलं, मग पुन्हा वाचल्यावर वाटलं की हात शेवटी एकाच खजुराकडे का गेला, हे राहिलंच. तुम्ही ठरवा.

नंतर गझालींचं आकाशातलं गणित. सूर्य वर्षाला एक फेरी करतो, गुरू बारा वर्षांत, शनी तीस वर्षांत. (पृथ्वी मधोमध, हे त्या काळचं आकाश, मनात तेच ठेवा.) जग अनादि असेल तर सूर्याच्या फेऱ्या अनंत आणि शनीच्याही अनंत. पण शनीच्या फेऱ्या सूर्याच्या एक तीसांश असायला हव्यात! अनंताचा तिसावा हिस्सा अनंतच कसा? आणि झालेल्या फेऱ्यांची संख्या सम की विषम?

तत्त्वज्ञांचं म्हणणं, झालेल्या फेऱ्या आता अस्तित्वात नाहीत, त्यांचा ढीग कुठे साठलेला नाही, म्हणून त्यांची बेरीज-भागाकार करता येत नाही. इथे गझालींनी खरी पकड घेतली. ठीक, फेऱ्या गेल्या. पण तुमच्या इब्न सीनाच्या मते माणसाचा आत्मा मरत नाही ना? मग अनादि जगात आजवर मेलेल्या अनंत माणसांचे आत्मे आत्ता, या क्षणी, अस्तित्वात आहेत. त्यांची संख्या सम की विषम? यावर इब्न रुश्द इब्न सीनाला वाचवत नाही, सोडून देतो. द्रव्याशिवाय एकाचे अनेक होऊच शकत नाहीत, मग देहावेगळे आत्मे मोजायचे कसे, असं तो म्हणतो. इब्न रुश्द म्हणजे इब्न सीनाचा वकील, हा नवख्यांचा समज या पानावर मोडतो.

७. दुसरा आणि तिसरा वाद एका आठवड्यात

दुसरा वाद, ईश्वराला विशिष्ट गोष्टी कळतात का, हा ग्रहणाच्या उदाहरणाने समजून घ्या. ग्रहण लागायच्या आधी, लागलं असताना आणि सुटल्यावर, आपल्या ज्ञानात तीन बदल होतात. ईश्वरात बदल नाही, म्हणून इब्न सीना म्हणतो की त्याला विशिष्ट गोष्टी कळतात, पण ‘सामान्य रीतीने’, काळाच्या बाहेरून. कणभर वस्तूही त्याच्या ज्ञानातून सुटत नाही, हे कुराणातलं (३४:३) तो स्वतःच लिहितो. गझाली विचारतात, मग झैदने ईश्वराची आज्ञा पाळली की मोडली, हे त्याला कळणार की नाही? (झैद आणि अम्र म्हणजे या ग्रंथांतले राम आणि गोविंदा, खरी माणसं नव्हेत.) इब्न रुश्द दोघांनाही बाजूला सारतो: वस्तू आहेत म्हणून आपल्याला ज्ञान होतं, ईश्वराच्या ज्ञानामुळे मुळात वस्तू आहेत. आपली मापं तिथे लावूच नका.

देहाच्या पुनरुत्थानाचा वाद तुलनेने कोरडा आहे. पण त्याच्या आधी इब्न सीनाचा ‘तरंगता माणूस’ जरूर वाचा. हवेत अधांतरी निर्माण झालेला, डोळे झाकलेले, हातपाय एकमेकांना न लागणारे. त्याला स्वतःचं शरीर माहीत नाही, तरी ‘मी आहे’ हे माहीत असेल का? इब्न सीना म्हणतो, असेल.

८. कापूस आणि विस्तव: सतरावा मुद्दा

पुष्कळजण थेट हे प्रकरण उघडतात, कारण कार्यकारणावर शंका घेणारा स्कॉटिश तत्त्वज्ञ ह्यूम याच्याशी तुलना ऐकलेली असते. तुलना नंतर. आधी कापूस बघा.

कापूस विस्तवाजवळ नेला आणि जळला. आपण काय पाहिलं? स्पर्शाच्या वेळी जळणं. स्पर्शामुळे जळणं आपण पाहिलेलं नाही. गझालींच्या मते दोहोंमधला बंध अपरिहार्य नाही, ईश्वर दोन्ही शेजारी शेजारी निर्माण करतो. त्यांचं दुसरं उदाहरण मला जास्त आवडतं. जन्मांध माणसाच्या डोळ्यांवरचा पडदा दिवसाढवळ्या दूर होतो आणि त्याला रंग दिसतात. त्याला वाटतं, डोळे उघडले म्हणून दिसलं. संध्याकाळी सूर्य मावळतो तेव्हा त्याला कळतं, की उजेडाचा हिशेबच धरला नव्हता.

पुढे गझाली स्वतःवरच आक्षेप घेतात, आणि तो भन्नाट आहे. असं असेल तर घरी ठेवलेलं पुस्तक परत जाईपर्यंत जनावर झालं असेल, कोण सांगावं? त्यांचं उत्तर असं, की ते शक्य आहे, पण तसं होत नाही हे ज्ञानही ईश्वरानेच आपल्यात घातलंय. जगाची एक सवय आहे आणि आपण त्या सवयीवर चालतो. इथेच न थांबता याच प्रकरणातला दुसरा पर्यायही वाचा, जिथे ते विस्तवाला जाळण्याचा गुण आहे असं धरून चालतात, आणि अंगाला अभ्रकासारखं काही फासून भट्टीत बसणाऱ्या माणसाचं उदाहरण देतात. पहिल्याच पर्यायावर थांबून ‘गझालींनी विज्ञान नाकारलं’ म्हणणारे पुष्कळ भेटतील.

इब्न रुश्दचा घाव एकच: कारणं नाकारणारा बुद्धीच नाकारतो, कारण वस्तू तिच्या कारणांसकट जाणणं हेच तर बुद्धीचं काम.

आपल्याकडचे चार्वाक आणि त्यांचा व्याप्तीवरचा, म्हणजे ‘धूर तिथे विस्तव’ अशा कायमच्या संबंधावरचा, आक्षेप इथे आठवेलच. वहीच्या मागच्या पानावर टिपून ठेवा आणि सध्या तिथेच राहू द्या. मी तुलनेच्या नादात दोन आठवडे घालवले, त्यात दोन्हीकडचं निसटलं.

९. आता मागे जा

आता कलामचं मूळ बघायला हरकत नाही. बसरा आणि बगदादचे मुअतझिला म्हणत, ईश्वर न्यायी आहे, म्हणून माणूस आपल्या कर्माचा कर्ता असलाच पाहिजे. कुराण निर्माण झालेलं आहे हे त्यांचं मत खलीफा मामूनने ८३३ साली सक्तीने लादायला सुरुवात केली आणि हदीसचे पंडित अहमद इब्न हंबल यांनी मान तुकवली नाही. तेव्हा ‘बुद्धिवादी म्हणजे उदार’ हे समीकरणही इथे ठेवून द्या.

अशअरी पंथ ज्यांच्या नावाचा, त्या अशअरींनी आपला मुअतझिला गुरू सोडला त्याची आख्यायिका तीन भावांची. एक पुण्यवान म्हणून मेला, एक पापी म्हणून, एक लहानपणीच. लहान मूल विचारतं, मला वरची जागा का नाही? उत्तर येतं, तू मोठा होऊन पापी झाला असतास, म्हणून तुझ्या भल्यासाठी लवकर नेलं. त्यावर खालून पापी भाऊ ओरडतो, मग मला का नाही लवकर नेलंस? गुरूकडे उत्तर नव्हतं म्हणतात.

याच फेरीत इब्न रुश्दचं ‘फस्ल अल-मकाल’ वाचून घ्या. छोटं आहे. काझीने फतव्याच्या घाटात लिहिलंय, आणि प्रश्न असा: तत्त्वज्ञान शिकणं शरीयतनुसार मना आहे, चालतं की कर्तव्य आहे? त्याचा निकाल, ज्याची कुवत आहे त्याला कर्तव्य. बाकीच्यांसमोर मात्र हे वाद उघडू नयेत, ते उघडले हा गझालींचा दोष. हा भाग वाचताना इब्न रुश्दचे चाहते जरा अस्वस्थ होतात.

१०. ‘गझालींनंतर संपलं’ असं म्हणू नका

मी म्हणालो होतो, तेही आमच्या वाचनगटात, चांगल्या चाळीस माणसांसमोर. मागच्या रांगेत एक निवृत्त अरबीचे शिक्षक बसले होते. त्यांनी शांतपणे विचारलं, “मग लखनौला पोरं ‘सद्रा’ कशासाठी घोकत होती, साहेब?”

मला सद्रा म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. शीराझचा मुल्ला सद्रा १६४० च्या सुमारास वारला, म्हणजे मी जे ‘संपलं’ म्हणत होतो त्याच्या पाचशेहून जास्त वर्षांनंतर. त्याचा मोठा प्रश्न इब्न सीनाकडूनच आलेला: वस्तू ‘काय आहे’ आणि ‘आहे’ हे वेगळे. किल्ल्यांच्या दारांवरचं गंडभेरुंड काय असतं ते आपल्याला सांगता येतं, पण ते असतं का? या दोहोंत खरं काय, वस्तूचं स्वरूप की तिचं असणं? प्रकाशाचं तत्त्वज्ञान मांडणारा सुहरावर्दी म्हणाला, असणं ही मनाची कल्पना. मुल्ला सद्राने ते उलटं केलं: असणं तेवढंच खरं, आणि तेही कमी-जास्त तीव्रतेचं, दिव्याच्या उजेडासारखं.

त्याने एका जुन्या हिकमतच्या पाठ्यपुस्तकावर लिहिलेली टीका हिंदुस्थानात इतकी शिकवली गेली, की पुस्तकाचं नावच ‘सद्रा’ पडलं. १७४८ साली वारलेल्या मुल्ला निझामुद्दीनच्या नावाने ओळखला जाणारा दर्से निझामी अभ्यासक्रम लखनौच्या फिरंगी महलात आकाराला आला, त्याच्या परंपरेतलं हे पुस्तक. आणि आपल्या जवळचं हवं असेल तर फतहुल्ला शीराझी बघा. अकबराच्या दरबारी जाण्याआधी तो विजापूरला आदिलशाहीत होता.

त्या शिक्षकांनी नंतर मला घरी बोलावून अशा पुस्तकाची एक शिळाछाप प्रत दाखवली. पानाच्या मधोमध मूळ मजकूर, त्याला बिलगून टीका, आणि चारी समासांत तिरक्या बारीक अक्षरांत टीकेवरच्या टीपा, काही उलट्यासुद्धा. मी मधलाच मजकूर बघत होतो. त्यांनी पुस्तक माझ्या हातात आडवं फिरवलं आणि समासावर बोट ठेवून म्हणाले, “भांडण इथे आहे.”